भोंगा कुणाचा

गुरुवारी सकाळी मोशीच्या पुढे एका मिरवणुकीत अडकलेल्या प्रभाकरला स्वतःचा आवाज ऐकू आला आणि तो ओळखायला त्याला वेळ लागला. आधी त्याच्या मनात आलं, कोण हा गाढव, एवढ्या वरच्या पट्टीत कशाला बोंबलतोय. मग ओळख पटली. टेम्पोवर रचलेल्या डीजेच्या भिंतीतून त्याचाच तरुणपणचा गळा बाहेर पडत होता, वेग वाढवलेला, खाली कसलातरी उसना ठोका चिकटवलेला. ‘बंद कर, बंद कर, भोंगा बंद कर.’ कुणा भावी नगरसेवकाचा वाढदिवस होता. फ्लेक्सवर तो गॉगल लावून, हात जोडून, गळ्यातल्या साखळ्यांसकट जनतेकडे बघत होता. मिरवणूक चालत असती तर एक वेळ ठीक; पण ती एका बोळाच्या तोंडाशी मुद्दाम थांबली होती. बोळात आत एक लहानशी मशीद होती आणि पोरं रस्त्याकडे पाठ करून, मशिदीकडे तोंड करून नाचत होती. प्रत्येक ‘बंद कर’ला सगळ्यांची बोटं वरच्या लाउडस्पीकरकडे जात होती. बोळातल्या एका दुकानाचं शटर कुणीतरी आतून अर्ध्यावर ओढून घेतलं. प्रभाकरनं स्कूटरचा हॉर्न दाबून धरला, पण त्या गदारोळात तो त्यालाही ऐकू आला नाही. घामानं डबडबलेला एक पोरगा मोबाईल धरून जवळ आला. ‘ओ काका, हॉर्न काय वाजवता? तुम्ही पण म्हणा की! बंद कर!’

‘कुठला भोंगा?’ प्रभाकरनं विचारलं.

पोरगा क्षणभर गोंधळला आणि मग मागच्यांकडे वळून हसला. ‘काका बाहेरचे दिसतात रे!’

बाहेरचे. खराळवाडीत जन्मलेला, ह्या शहराला शहर म्हणायची कुणाची छाती नव्हती तेव्हापासून इथली धूळ खाल्लेला माणूस बाहेरचा, आणि हा आतला. थोबाडीत द्यावी असं त्याला वाटलं. दिली नाही, कारण हात उचलायच्या आधी त्याला आपली साठी आठवली, गुडघा आठवला, आणि ह्या दोन्ही गोष्टी आठवल्याचा आणखी राग आला. सगळ्यांत किळस त्याला आली ती स्वतःचीच. आत कुठेतरी एक निर्लज्ज कोपरा खूश होऊन बघत होता, की पोरांना शब्द पाठ आहेत, दुसऱ्या कडव्यापर्यंत पाठ आहेत. पोलिसानं शिट्टी फुंकली, टेम्पो हलला, आणि प्रभाकर धुरातून वाट काढत निघोज्यातल्या स्टुडिओकडे निघाला.

ह्या पोरांच्या लेखी भोंगा म्हणजे मशिदीवरचा लाउडस्पीकर. मध्यंतरी त्यावरून राजकारण पेटलं, सभा झाल्या, चॅनलवाले घसा फोडून भांडले, आणि तेव्हा कुणाला तरी हे गाणं सापडलं. त्याआधी ह्या गावात भोंगा म्हणजे कंपनीचा भोंगा. पाळी सुरू झाली, पाळी सुटली, जेवणाची सुट्टी झाली, सगळं तोच सांगायचा. घड्याळं त्याच्यावर लावली जायची. प्रभाकरच्या ‘भट्टी’ बँडनं ते गाणं म्हटलं तेव्हा कामगारांनी ते उचललं, कंपन्यांच्या गेटांवर म्हटलं, युनियनच्या अधिवेशनात म्हटलं. मराठीत रॉक म्हणजे काय हे ज्यांना आयुष्यात कळलं नाही, त्यांनाही ते गाणं कळलं. निदान तसं त्यांना वाटलं. मग कंपन्या चाकणला सरकल्या, जुन्या शेडांच्या जागी टॉवर उभे राहिले, त्या टॉवरांना नावं इटलीतल्या गावांची दिली गेली, आणि भोंगे मुकाट्यानं बंद झाले. एवढं सगळं बंद झालं, पण गाणं बंद झालं नाही. लग्नात, गणपतीत, रिटायरमेंटच्या जेवणात, जिथे जाईल तिथे कुणीतरी दारू प्यायलेला माणूस मागून ओरडायचाच, ‘प्रभाभाऊ, भोंगा!’ त्यानं त्यानंतर शेकडो गाणी लिहिली होती. त्यातलं एकही कुणी मागितलं नव्हतं, आणि ह्याबद्दल त्यानं ह्या शहराला अजून माफ केलेलं नव्हतं.

म्हणून तर हा अल्बम. इतक्या वर्षांनी पुन्हा स्टुडिओ, पुन्हा गिटार, आणि सगळी नवी गाणी. मित्रांच्या तेराव्यांवर, बंद पडलेल्या कानांवर, म्हाताऱ्या माणसाच्या वासावर, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या शुभ सकाळींवर. त्यात कुणाचीही स्तुती नव्हती. अरुंधतीनं, त्याच्या बायकोनं, सगळी गाणी एका बैठकीत ऐकून चष्मा काढला आणि म्हणाली, ‘प्रभाकर, तुला कुणीच कसं आवडत नाही रे?’ तो म्हणाला, ‘तू आवडतेस.’ ती म्हणाली, ‘पाचव्या गाण्यात मीच आहे.’ होतीच ती. पण गाणी चांगली होती, हे तिनं कबूल केलं, आणि ती बँकेत ऑडिटला होती, उगाच कबूल करणाऱ्यातली नव्हे. घशाच्या डॉक्टरनं स्वरयंत्रावरच्या गाठी दाखवून सांगितलं होतं, हे वर्ष गा, पुढचं मी सांगू शकत नाही. म्हणजे हा अल्बम बाहेर आला तर आला. नाहीतर फ्लेक्सवरच्या त्या गॉगलवाल्याच्या वाढदिवसापुरता प्रभाकर उरणार. अल्बमचं नाव त्यानं ठेवलं होतं ‘तिसरी पाळी’. त्यावरही स्टुडिओत खसखस पिकली होती. रेकॉर्डिंग करणारा मिहिर म्हणाला होता, ‘सर, पाळी नको ना, लोक वेगळाच अर्थ काढतील. शिफ्ट करू.’ जन्मभर माणसं पाळीवर गेली, पाळीवरून आली, पाळीवर मेली, आणि आता त्या शब्दालाही हसू यायला लागलं. प्रभाकरला तेव्हाही थोबाडीत द्यावीशी वाटली होती. हल्ली त्याला दिवसातून दोन-तीनदा तरी तसं वाटायचं.

स्टुडिओ निघोज्यात एका शेडमध्ये होता. शेड दिग्विजयची. दिग्विजय भट्टीचा ड्रमर. कंपनीतून लवकर निवृत्त होऊन त्यानं आधी इथे पॅकिंगची खोकी बनवली आणि मग भिंतींना फोम ठोकून स्टुडिओ केला. शेजारी प्रेस शॉप होतं. पत्रा कापणाऱ्या त्या प्रेसचा दणका जमिनीतून माइकच्या स्टँडमध्ये चढायचा, म्हणून गाणं फक्त गुरुवारी. गुरुवारी सगळ्या एमआयडीसीला सुट्टी. बाकीचे दिवस मिहिर कॉम्प्युटरवर कापाकापी करायचा आणि प्रभाकर घरी गरम पाण्याच्या गुळण्या. आज आठ गाणी पुरी झाल्यावरचा शेवटचा गुरुवार होता. प्रभाकर आत आला तेव्हा दिग्विजय ड्रमवर कातडं ताणत बसला होता आणि मिहिर कानावर फोन धरून ‘येस, येस, आजच करतो’ म्हणत होता. फोन ठेवून तो प्रभाकरकडे बघून हसला, आणि त्या हसण्यातच सगळं होतं.

‘सर, मुंबईचे म्युझिक कंपनीवाले तयार आहेत. अल्बम पुढच्याच महिन्यात लागतो. फक्त एक. भोंगा पाहिजे. तुमच्या आत्ताच्या आवाजात. पहिला ट्रॅक.’

‘आणि नाही दिला तर?’

‘तर नाही म्हणाले.’ मिहिर खरं बोलणारा पोरगा होता, तेवढा एक गुण त्याच्यात होता. ‘सर, गाणं ट्रेंडिंगला आहे. ह्याच्यामागे बाकीची आठ ओढली जातील.’

‘ट्रेंडिंगला कुठे आहे ते बघून आलोय मी. मशिदीसमोर.’

‘आपण कुठे कुणाचं नाव घेतोय? आपलं गाणं तेच आहे. ऐकणारा काय समजतो तो त्याचा प्रश्न.’

‘हां, बरोबर आहे त्याचं,’ दिग्विजय मध्येच म्हणाला. ‘आणि मी म्हणतो प्रभ्या, तू गाच! नव्यानं गा, म्हणजे कळंल ह्या शेंबड्यांना, की हे कामगारांचं गाणं हाय. मिहिर, तुला गेटवरचा किस्सा सांगितला का रे मी?’

सांगितला होता. सगळ्यांना सांगितला होता, पेपरवाल्यांना, यूट्यूबवाल्यांना, स्वतःच्या नातीच्या शाळेत. टाळेबंदी होती, गेटसमोर माणसं बसली होती, भट्टीनं ट्रकच्या हौद्यावर वाद्यं मांडली, आणि प्रभाकरचे वडील आबाजी पहिल्या रांगेत. आबाजी फोर्जिंगला, तापलं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवर. कान कामातून गेलेले. त्यांना गाण्याचा शब्द कळेना. मग दिग्विजयनं हौद्यावरून वाकून त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, ‘कंपनीच्या भोंग्यावर गाणं हाय, आबाजी!’ तेव्हा म्हातारा उठला आणि माइकशिवाय सगळ्या बँडच्या वर ऐकू जाईल असा ओरडला, ‘माजा पोरगा हाय ह्यो!’ आणि रडला. इथे दिग्विजय नेहमी थांबायचा आणि स्वतःचे डोळे पुसायचा. आजही पुसले. मिहिर ‘वा’ म्हणाला. प्रभाकर चहाच्या कागदी कपाची कड दातांनी कुरतडत होता. त्याला ह्या किश्श्याचा जेवढा तिटकारा होता, तेवढा मिरवणुकीतल्या पोरांचाही नव्हता. पोरांचं निदान निव्वळ अज्ञान होतं.

कारण कंपनीचा भोंगा त्या गाण्यात नव्हताच. चाळीत भोंगा हे त्याच्या बापाचं नाव होतं. हॅमरच्या दणक्यानं कान गेलेला तो माणूस आपण हळू बोलतोय अशा समजुतीत ओरडायचा. भाजीत मीठ जास्त झालं हे तो बायकोला कानात सांगायचा आणि पलीकडच्या चाळीतली बाई विचारायची, किती जास्त झालं हो? दुपारी पाळी सुटली की पोरं प्रभाकरला हाक मारायची, ‘प्रभ्या, तुजा भोंगा आला बघ!’ हसायची, पण तेवढं त्याला चालायचं. पाचवीत असताना तो अजून रात्री अंथरूण ओलं करायचा. आई पहाटे गुपचूप चादर धुवायची, कुणी उठायच्या आधी वाळत घालायची, आणि ते घरातल्या घरातलं गुपित होतं. एका सकाळी नळावर भर गर्दीत बापानं ती चादर पाहिली. आईच्या जवळ गेला, वाकला, तोंडावर आडवा हात धरला, म्हणजे त्याच्या बाजूनं फारच काळजी घेतली, आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा म्हणाला, ‘आज बी मुतला व्हय गं?’ नळावरचं पाणी तेवढं वाहत राहिलं. बाकी सगळं थांबलं. मग पहिल्यांदा कोण हसलं ते प्रभाकरला अजून आठवतं, त्या बाईचं लुगडं आठवतं, हंड्याला आलेला पोचा आठवतो. शाळेत ते त्याच्या आधी पोचलं होतं. त्यानं कानांत बोटं घालून संडासाच्या भिंतीमागे बसून जे म्हटलं, त्याला पुढे कॉलेजात गिटार मिळाल्यावर चाल लागली.

झोपल्या गल्लीला सांगतोस काय,
घरातलं घरात ठेवशील काय,
बंद कर, बंद कर, भोंगा बंद कर.

दुसऱ्या ओळीचा अर्थ दिग्विजय मुलाखतीत कामगाराच्या घरातली उपासमार असा सांगायचा. एका प्राध्यापकानं त्यावर लेखही लिहिला होता. प्रभाकरनं कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. काय सांगणार? संपाचं म्हणून लोक ज्या गाण्यावर मुठी वळतात ते एका मुतऱ्या पोराचं रडगाणं आहे, असं? बाप त्या गेटवर उभा राहून आपल्याच विरुद्धच्या गाण्याला टाळ्या वाजवून गेला, आणि पुढे मरेपर्यंत भेटेल त्याला सांगत राहिला, पोरानं कंपनीवर गाणं लिवलंय. त्याचं प्रभाकरला वाईट वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर बरं वाटलं होतं, एकदा तरी ह्या माणसाला काहीतरी कळलं नाही. पण राग फिटला नाही. ज्याला शिवी दिली त्याला ती पोचलीच नाही. उलट त्यानं ती छातीला लावून मिरवली, आणि आता त्याच शिवीवर कुणीतरी तिसरीच माणसं तिसऱ्याच कुणाला धमकावत होती. त्याच्या रागाचं पोर होतं ते. पहिल्यांदा युनियननं पळवलं, मग दारुड्यांनी, आता ह्यांनी. प्रभाकरला वाटलं, बस झालं, ह्या गाण्याला आज घरी आणायचं. ज्याचं नाव त्याच्यावर लिहायला हवं होतं ते लिहायचं, म्हणजे कुणाच्याही मिरवणुकीत ते चालणार नाही, कुणाला ओठांवर घेता येणार नाही. आणि मुंबईवाल्यांना गाणं दिलं असंही होईल.

‘गातो,’ तो म्हणाला. ‘पण एक शब्द बदलणार. भोंग्याच्या जागी आबाजी.’

दिग्विजयच्या हातातली कातडं ताणायची किल्ली ड्रमवर पडली. ‘म्हंजे?’

‘आबाजी बंद कर. असं.’

‘तुझ्या वडलांचं नाव? अरे, डोकं फिरलं का तुझं? गेलेल्या माणसाला!’

‘गाणं माझं आहे ना?’ प्रभाकर म्हणाला आणि काचेच्या आत गेला.

आत फोमचा दमट वास होता. हेडफोन चढवल्यावर त्याला आधी स्वतःचा श्वास ऐकू आला, म्हाताऱ्या माणसाचा, शिट्टीसारखा. त्यानं तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. आबाजी बंद कर. बापाचं नाव असं नुसतं, उघडं, त्यानं जन्मात घेतलं नव्हतं. शाळेत मास्तर पूर्ण नाव विचारायचे तेव्हासुद्धा मधलं नाव तो खाली मान घालून घ्यायचा. आता जीभ तिथे अडखळली तशी त्याला चीड आली, आणि चिडून त्यानं पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं, नाव बोथट होईपर्यंत म्हटलं. मग मिहिरला अंगठा दाखवला. ड्रम सुरू झाले. दिग्विजयचा हात म्हातारा झाला होता पण ठोका अजून तिथेच पडत होता, दगडावर घण पडावा तसा. मिहिरनं जुन्या रेकॉर्डिंगवरून काढलेली गिटार आली. पहिली ओळ त्यानं अजिबात न सजवता फेकली, गाठींवरून घासत, आणि त्याला स्वतःलाच कळलं की आवाज बरा लागलाय, आयुष्यात लागला नव्हता इतका वाईट आणि बरा. झोपल्या गल्लीला सांगतोस काय. नळ दिसला, पोचा आलेला हंडा दिसला. घरातलं घरात ठेवशील काय. मानेच्या शिरा ताठल्या. त्यानं सगळा द्वेष पुढच्या शब्दासाठी राखून धरला होता. बंद कर, बंद कर, आणि तिथे ‘भोंगा’ला दोनच अक्षरांची जागा होती. ‘आबाजी’ तीन. सरावात त्यानं ते कोंबून बसवलं होतं, पण ठोका आला तेव्हा नाव मावलं नाही, आणि जागा तर रिकामी सोडता येत नाही. तोंडानं आपलं आपण दोन अक्षरं शोधली.

‘दादा बंद कर.’

पुढची ओळ आलीच नाही. ड्रम पुढे गेले, गिटार एकटीच पुढे गेली आणि मग मिहिरनं सगळं थांबवलं. काचेपलीकडे तो खुर्चीतून उठला होता, दोन्ही हात वर. कानात त्याचा आवाज आला, ‘सर! दादा! काय सुचलंय हो! इथे प्रत्येक वॉर्डात एक दादा आहे, आणि निवडणुका तोंडावर! दादा बंद कर! हे तर भोंग्यापेक्षा जास्त चालेल!’

दिग्विजयही हसत होता. मोकळा झाल्यासारखा. ‘आयला प्रभ्या, घाबरवलंस की! मला वाटलं खरंच वडलांवर गातोस. कुठल्या दादाला ठोकलास रं?’

‘बापाला मी दादा म्हणायचो,’ प्रभाकर म्हणाला. माइक चालू होता, त्यामुळे ते फार मोठ्यानं बाहेर पडलं. आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर, ह्या हिशेबानं त्यानं उरलेलंही सांगून टाकलं. ‘चाळीत त्यांना भोंगा म्हणायचे. मी अंथरूण ओलं करायचो, ते त्यांनी नळावर सगळ्यांना ऐकवलं. गाणं त्याच्यावर आहे. पहिल्यापासून. गेटवर तू त्यांच्या कानात ओरडून सांगितलंस ते खोटं होतं, दिग्या.’

दिग्विजय खाली बसला. त्याचा चेहरा पार उतरला होता, जणू त्याच्या हातून काहीतरी काढून घेतलंय, आणि खरंच घेतलं होतं. ‘पन म्हातारा रडला होता रे,’ तो एवढंच म्हणाला.

मिहिरनं घसा साफ केला. ‘सर, एक सांगू? हे बाहेर कुठे बोलू नका. प्लीज. गाणं मरेल.’

प्रभाकरला वाटलं होतं ह्या वाक्यावर आपण काच फोडू. पण राग यायला हवा तिथे आला नाही. अंग नुसतं रिकामं, दमलेलं. इतकी वर्षं कुठे सांगितलं होतं, आताही नको सांगूया. दादा म्हटलं म्हणून कुणी कुठल्या पुढाऱ्यावर नाचेल, नाचू दे. आठ गाणी बाहेर येतील. ‘जे घेतलंस ते ऐकव,’ तो म्हणाला.

मिहिरनं लावलं. प्रभाकरनं आपला आवाज ऐकला, आणि ह्या वेळी लगेच ओळखला. पहिल्या दोन ओळींत तो चावत होता. ‘दादा’ला मात्र त्यानं शिवी दिलेली नव्हती. त्यानं हाक मारली होती.

‘ह्याच्यापुढे तुम्ही का थांबलात, सर?’ मिहिरनं विचारलं. ‘ओळ विसरलात?’

ओळ तो विसरला नव्हता. हॅमरनं कान खाल्लेल्या त्या माणसाला बायकोची हाक यायची नाही, फोरमनची यायची नाही, रस्त्यावर ट्रकचा हॉर्न यायचा नाही. पण प्रभाकरनं कुठूनही, कितीही बारीक आवाजात दादा म्हटलं, की आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं उत्तर यायचं, ‘काय रं?’ आत्ता, ड्रम पुढे निघून गेल्यावर, तो काचेच्या पेटीत उभा राहून त्याचीच वाट बघत होता.

‘पुढची ओळ तिथे जोडून देतो,’ मिहिर म्हणाला. ‘रिकामं वाटतंय.’

‘नाही,’ प्रभाकर म्हणाला. ‘तिथे काही घालू नकोस.’